राखणदाराची राखण

रोज सकाळी सव्वानऊला अण्णा ऑफिसात चोरी करायचे. खुर्ची रुमालानं पुसायची, डबा खालच्या कप्प्यात ठेवायचा, आणि मग कॉम्प्युटरवर एक चार ओळींचा प्रोग्राम चालवायचा. त्याचं नावच त्यांनी 'चोर' ठेवलं होतं. मेमरीतले दहा कप्पे मागून घ्यायचे आणि हात अकराव्यात घालायचा, एवढंच त्या प्रोग्रामचं काम. असल्या चुका पकडणारं एक साधन आमच्याकडे होतं. प्रोग्राम चालत असताना ते मागं उभं राहतं आणि कुणी आपल्या वाटणीबाहेर हात घातला की पडदाभर लाल अक्षरांत बोंब मारतं. अण्णा त्याला राखणदार म्हणायचे. चोरानं चोरी केली आणि राखणदार ओरडला की अण्णांचा चेहरा खुलायचा, "जागा हाय" असं पुटपुटून ते चहाला उठायचे. त्याआधी कुणी नमस्कार केला तरी त्यांना ऐकू जात नसे.

बेळगावच्या उद्यमबागेतली आमची कंपनी लहानशी, वीस-बावीस माणसांची. कारखान्यांतल्या जुन्या यंत्रांना नवे कंट्रोल बसवायचं काम. मी कंग्राळीची, भातशेतीच्या घरातली पहिली इंजिनियर, आणि नोकरीला लागले तेव्हा स्वतःला बरीच शहाणी समजत होते. अण्णा पन्नाशी ओलांडलेले, वडगावचे, साड्या विणणाऱ्या मागवाल्यांच्या घरातले. डिप्लोमा करून ते या धंद्यात आले होते. आमचे मॅनेजर त्यांच्याहून चार वर्षांनी मोठे, पण तेही त्यांना अण्णाच म्हणायचे. मला ते पहिल्या दिवशी चक्रम वाटले. नंतरही चक्रमच वाटले, पण मत बनवायची माझी घाई कमी झाली.

पहिल्या दिवशी त्यांनी मला शेजारी बसवून काम समजावून दिलं. समजावता समजावता म्हणाले, कप्प्यांची मोजणी एकापासून सुरू होते. आता आम्ही ज्या भाषेत लिहितो तिच्यात मोजणी शून्यापासून होते, हे पहिल्या वर्षाच्या पोरांनाही ठाऊक असतं. मी म्हटलं, "हो सर." अण्णा थांबले. चष्म्यावरून माझ्याकडं बघत राहिले.

"तुला ठाऊक हुतं न्हवं? मग गप का बसलीस गं?"

मी काहीतरी पुटपुटले, की तुम्ही मोठे, मला वाटलं असेल काहीतरी. ते रागावले नाहीत. वहीत काहीतरी लिहून मात्र घेतलं. ते काय लिहिलं याची चुटपुट मला बरेच दिवस होती.

जे जे म्हणून इशारा देतं, ते ते आधी तपासून बघायचं, हा त्यांचा स्वभाव होता. भाजी मंडईत जाताना त्यांच्या पिशवीत दोनशे ग्रॅमचं एक वजन असायचं. ते आधी तागडीवर ठेवायचं, मग वांगी. मंडईतल्या बायका त्यांना ओळखून होत्या आणि ते दिसले की काटा स्वतःच पुढं करायच्या. कॅम्पातल्या डॉक्टरांकडं गेले तर आधी बसून रक्तदाब मोजून घ्यायचे, मग जिना दोनदा चढून-उतरून यायचे आणि पुन्हा मोजायला लावायचे. आकडा वाढला नाही तर मशीन मेलेलं आहे असं त्यांचं म्हणणं. आमच्या ऑफिसात आगीची घंटा बसवली त्या दिवशी त्यांनी तिच्याखाली उदबत्त्यांचा अख्खा पुडा पेटवला. घंटा वाजली, आम्ही सगळे खाली पळालो, आणि अण्णा वर एकटेच धुरात उभे राहून समाधानानं खोकत होते. मॅनेजरांनी त्यांना कन्नडमधून जे सुनावलं ते मी इथं लिहीत नाही. अण्णांचं त्यावरचं उत्तर नेहमीचंच होतं. "नोडोण." म्हणजे, बघू या. शंका आली, भांडण झालं, कुणी छातीठोक काही सांगितलं, की अण्णा नोडोण म्हणायचे आणि खरंच बघायला बसायचे.

ते बघायला बसले आणि माझी झोप उडाली, असा जो एक प्रसंग घडला तो निपाणीच्या प्रेसचा.

निपाणीजवळच्या एका वर्कशॉपात डब्यांची झाकणं दाबून काढायची जुनी प्रेस होती. तिला आम्ही नवा कंट्रोल बसवत होतो. प्रेसवरच्या कामात बोटं जातात, हे आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. म्हणून प्रेसच्या तोंडाशी उजेडाचा एक पडदा लावायचा, त्यात हात आला की वरचा ठोकळा जागीच थांबला पाहिजे. हे थांबवण्याचा प्रोग्राम मी लिहिला होता. माझं पहिलं स्वतंत्र काम, आणि सहा महिन्यांच्या प्रोबेशनचे शेवटचे दोन महिने.

असल्या आणीबाणीसाठी प्रोग्राममध्ये एक सोय असते, तिला एक्सेप्शन म्हणतात. चालू काम तिथल्या तिथं टाकायचं आणि थेट वरच्याकडं उडी मारून सांगायचं की घोटाळा झालाय. आता गंमत अशी, की राखणदाराचं आणि या उडीचं फारसं जमत नव्हतं. लग्नाच्या कार्यालयात प्रत्येक कुटुंबाला जागा खडूनं आखून दिली आणि जाताना आपापल्या रेघा पुसून जा म्हणून सांगितलं, तर सगळं नीट चालतं. पण मधेच कुणाचा फोन आला आणि ते कुटुंब बिछाना टाकून पळालं, तर रेघा तशाच राहतात. मागून येणारे आपल्या हक्काच्या जागेत पथारी टाकतात, आणि राखणदार जुनी रेघ बघून चोर चोर म्हणून ओरडतो. आमच्या राखणदाराला उडी दिसली की तो स्वतःच रेघा पुसून घ्यायचा, एवढी अक्कल त्याला होती. पण आमच्या प्रोग्राममध्ये बाहेरून आणलेला एक जुना तयार भाग होता, आणि त्या भागातून गेलेली उडी त्याला दिसतच नव्हती. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसत होतं, की माझा प्रोग्राम आणीबाणीत शिरला की राखणदार बोंबा मारत सुटतो, आणि दहा जागी शोधलं तरी चूक सापडत नाही.

मॅनेजर म्हणाले, हे साधनच असं आहे, एक्सेप्शन आलं की वेड लागतं त्याला. इंटरनेटवरही चार जणांनी तसंच लिहिलेलं होतं. राखणदाराला एक यादी देता येते, की या या ठिकाणी ओरडू नकोस. मी माझे आणीबाणीचे सगळे भाग त्या यादीत टाकले. कॉम्प्युटरचा पडदा स्वच्छ झाला. तपासणीच्या कागदावर मी 'खोटे इशारे, दुर्लक्ष करावे' असं लिहून खाली सही केली आणि त्या दिवशी सुखानं जेवले.

कागदावर अण्णांचीही सही लागायची, ती मात्र त्यांनी केली नाही. त्यांना माझ्या कामाबद्दल शंका होती असंही नाही. त्यांना नुसतं कुतूहल होतं. राखणदार खोटं बोलतो म्हणता, तर कधी बोलतो, किती बोलतो, कुणासमोर बोलतो? मॅनेजर म्हणाले, प्रेस निपाणीला ट्रायलवर जाते आहे, सही मागाहून करा. प्रेस गेली. अण्णा बघायला बसले.

तीन आठवडे ते बारके बारके प्रोग्राम लिहीत होते. प्रत्येकाची जोडी. एकात चोरी मुद्दाम घातलेली, दुसऱ्यात बिलकूल नाही, आणि दोन्हींत आणीबाणीची उडी. राखणदार दोन तऱ्हांनी चुकतो, असं त्यांनी मला सांगितलं. चोर नसताना ओरडतो, नाहीतर चोर असताना झोपतो. दोन्हींची परीक्षा वेगवेगळी घ्यायची. प्रोग्रामांना त्यांनी नावंही दिली होती. अर्ध्या जेवणावरून ताट सारून उठणारा तो 'जावई'. रुसलेल्याची समजूत काढायला जाऊन स्वतःच रुसून बसणारा, म्हणजे एक आणीबाणी निस्तरताना दुसरी उभी करणारा, तो 'मेहुणा'. अशा एक्केचाळीस जोड्यांचे पाहुणे जमले. भिंतीवर मोठा तक्ता लावला. काय व्हायला पाहिजे, काय झालं, असे दोन रकाने. अण्णा त्या तक्त्यासमोर हात मागं बांधून उभे राहायचे आणि खूश असायचे. मला त्यांचा राग यायचा. माझं प्रोबेशन त्यांच्या सहीवाचून अडलं होतं, आणि हे जावई-मेहुणे खेळत होते.

एके दिवशी जेवताना मी तोंड उघडलंच. म्हटलं, अण्णा, सगळे जण असल्या बोंबा बंद करून ठेवतात, तुम्हालाच एवढं काय पडलंय. अण्णांनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला.

कॉलेजात असताना ते सुट्टीत घरचा माग चालवायचे. आडवा धागा तुटला की माग थांबवणारा एक लोखंडी काटा असतो. त्यांच्या मागाचा काटा बिघडला होता, धागा शाबूत असला तरी माग थांबवायचा. दहा मिनिटांत तीनदा उठावं लागायचं. गल्लीत असं झालं की सगळे एकच करायचे, काटा सुतळीनं वर बांधून टाकायचा. अण्णांनीही बांधला आणि परीक्षेचं पुस्तक उघडून बसले. माग छान चालत होता. मधे खरोखरच धागा तुटला, आणि माग तसाच चालत राहिला. चार बोटं रुंदीचा पट्टा नुसत्या उभ्या धाग्यांचा निघाला, आरपार दिसणारा. ती त्यांच्या थोरल्या बहिणीच्या लग्नाची साडी होती. दुसरी विणायला दिवस उरले नव्हते. बहिणीनं तो पट्टा निऱ्यांत घालून साडी नेसली.

"समदे नवरीच्या तोंडाकडं बघत हुते," अण्णा म्हणाले. "मी लगीनभर तिच्या निऱ्यांकडं बघत हुतो."

मी माझ्या भाताकडं बघत जेवले.

नंतरच्या सोमवारी त्यांनी त्या जुन्या भागाचं कोडं सोडवलं. तो भाग त्यांनी राखणदाराच्या नजरेखाली नव्यानं बांधून घेतला, आणि एक्केचाळीसच्या एक्केचाळीस परीक्षांत राखणदार जिथं ओरडायला पाहिजे तिथंच ओरडला. मग त्यांनी माझा प्रोग्राम घेतला, माझी ती गप्प बसवायची यादी पुसली आणि चालवला. आधी ढिगानं बोंबा यायच्या. आता एकच आली.

"हिकडं ये गं. वाच."

त्यांनी बोट ठेवून दाखवलं नाही, मला शोधू दिलं. मला पाऊण तास लागला. आणीबाणीत प्रेस थांबवायला कुठला व्हॉल्व्ह सोडायचा ते मी एका चिठ्ठीवर लिहीत होते. उडी मारताना मात्र चिठ्ठी वर नेत नव्हते, चिठ्ठी कुठं ठेवलीय तेवढा पत्ता नेत होते. आणि उडी मारली की चिठ्ठी ठेवलेली ती खोलीच मोडीत निघते. वरचा माणूस पत्ता घेऊन जातो तेव्हा बहुतेक वेळा चिठ्ठी अजून तिथंच पडलेली असते, तो वाचतो, प्रेस थांबते. पण एखाद्या वेळी तिथं दुसरंच कुणी काहीतरी लिहून गेलेलं असतं. मग प्रेस थांबत नाही. ही प्रेस तीन आठवडे निपाणीला चालू होती.

अण्णा शेजारी स्टुलावर बसले.

"ह्यो एकटा इशारा खरं बोलत हुता. ढीगभर खोटं बोलणाऱ्यांच्या मधी उभा हुता, म्हणून कुणी ऐकलं न्हाय."

आम्ही दोघं मॅनेजरांच्या खोलीत गेलो. अण्णांनी तक्ता समजावला. मॅनेजर हुशार माणूस. त्यांच्या लगेच लक्षात आलं. त्यांनी विचारलं, हा भाग यादीत टाकला कुणी? कागदावर माझी सही होती, अण्णांना ते ठाऊक होतं, पण ते बोलले नाहीत. माझ्याकडं बघत राहिले, सकाळी त्या 'चोर' प्रोग्रामकडं बघायचे तसे. मी म्हटलं, "मी टाकला. चूकही माझीच आहे." नोकरी गेली असं मी मनात धरून चालले होते. मॅनेजर म्हणाले, दुरुस्ती करा आणि उद्या पाठवून द्या, प्रेस कशाला बंद करायची, तीन आठवडे काही झालं नाही ना. अण्णा म्हणाले, आत्ता फोन करा. आणि फोन होईपर्यंत खुर्चीतून उठले नाहीत. मॅनेजरांनी केला.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या व्हॅननं आम्ही निपाणीला गेलो. प्रेस बंद होती आणि तिच्यावर काम करणाऱ्या बाई तिच्याशेजारी झाकणं निवडत बसल्या होत्या. चाळिशीच्या आसपासच्या, उंच, कमी बोलणाऱ्या. वर्कशॉपात सगळे त्यांना मावशी म्हणायचे. आम्ही दुरुस्ती घातली. शिवाय अण्णांनी उजेडाच्या पडद्यापासून व्हॉल्व्हपर्यंत एक सरळ वायर ओढून घेतली, आमचा प्रोग्राम चुकला तरी प्रेस थांबावी म्हणून. हे आधीच करायला हवं होतं, असं त्यांनी मालकांना माझ्या आणि मॅनेजरांच्या वतीनं सांगून टाकलं.

मग ते मावशींना म्हणाले, आता तुम्ही तपासा. मावशी उठल्या आणि कोपऱ्यातून उसाचं एक कांडं घेऊन आल्या. ते प्रेसच्या तोंडाशी आडवं धरलं. ठोकळा थांबला. पुन्हा धरलं, पुन्हा थांबला. अण्णा त्या कांड्याकडं बघतच राहिले. त्यांनी विचारलं, हे कधीपासून करता? मावशी म्हणाल्या, नवा कंट्रोल बसला त्या दिवसापासून, रोज सकाळी. मागच्या आठवड्यात एकदा प्रेस थांबली नव्हती, कांडं चेचलं होतं. सुपरवायझरला सांगितलं तर तो म्हणाला, कॉम्प्युटरचं आहे, ते चुकत नाही, तुम्हीच नीट धरलं नसेल.

अण्णांनी एक रिकामा खोका उलटा केला, त्यावर बसले आणि मावशींना प्रश्न विचारू लागले. थांबली नाही तेव्हा कितव्यांदा कांडं धरलं होतं, आवाज वेगळा आला का, आधीचं झाकण कुठलं होतं. मावशींना सगळं आठवत होतं. दोघं अर्धा तास असे बोलत होते, आणि एवढ्या आदरानं अण्णा कुणाशी बोलताना मी पाहिलं नव्हतं.

काम सुरू झालं. मावशी पत्रे सरकवू लागल्या. अण्णांनी हळूच विचारलं, "डावखुऱ्या व्हय तुम्ही?"

"न्हाय," मावशी हात न थांबवता म्हणाल्या. "त्या दिसापासनं डाव्यानं करतोय. गेला तर डावा जाऊ दे म्हटलं. उजव्यानं सैपाक हाय, समदंच हाय."

मी शेडच्या बाहेर जाऊन उभी राहिले. मला आत थांबवेना. थोड्या वेळानं अण्णा आले. मी म्हटलं, आता तर दुरुस्त झालंय, कांडं दहा वेळा धरून झालं, त्यांना सांगा ना की उजव्या हातानं करा. अण्णा म्हणाले, "आपण सांगून कसं चालंल? तिनं अजून आपल्याला तपासलं न्हाय."

बेळगावला परत आल्यावर त्यांनी भिंतीवरच्या तक्त्यात बेचाळिसावी ओळ लिहिली. काय व्हायला पाहिजे, या रकान्यात लिहिलं 'उजवा'. पुढचा रकाना कोरा. दर शनिवारी जेवणाच्या सुट्टीत ते मावशींना फोन लावायचे आणि एकच प्रश्न विचारायचे, आज कुठला हात? पहिल्या शनिवारी डावा. दुसऱ्या शनिवारी डावा. मॅनेजर सहीसाठी मागं लागले, गिऱ्हाईक समाधानी आहे, बाकीच्या सगळ्या परीक्षा पास आहेत. अण्णा म्हणायचे, एक राहिलीय. माझं प्रोबेशन दोन महिन्यांनी वाढवलं होतं, आणि मी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. शनिवारी जेवणाची सुट्टी झाली की मीही डबा घेऊन त्यांच्या टेबलाशी जाऊन बसू लागले.

आता अण्णा निवृत्त होऊन वडगावातच असतात. जगप्रसिद्ध काय म्हणतात तसले ते नव्हेत. बेळगावाबाहेर त्यांना कुणी ओळखत नाही. माझ्या हाताखाली आता चार जण आहेत, आणि पहिल्या दिवशी मी त्यांना मोजणी एकापासून सुरू होते असं सांगते. चौघांतला एकच बोलला होता.

तेव्हा, सातव्या शनिवारी, मावशींचा फोन नेहमीपेक्षा लांबला. अण्णा नुसते ऐकत होते, मधे एकदा "आसं व्हय" म्हणाले. मग फोन ठेवून त्यांनी मला सांगितलं. मावशींनी ठरवून काही केलंच नव्हतं. शेजारच्या मशीनवरची बाई गुरुवारी त्यांना म्हणाली, मावशी, उजव्यानं करायलीस की गं. तेव्हा त्यांचं स्वतःच्या हाताकडं लक्ष गेलं. कधी बदलला, ते त्यांनाही सांगता येईना.

अण्णांनी पेन काढलं, कोऱ्या रकान्यात 'उजवा' लिहिलं आणि तपासणीच्या नव्या कागदावर सही केली. मग कागद माझ्याकडं सरकवला. मी तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत दोनदा वाचला. मला रडू येत होतं आणि मी ते लपवलं नाही. अण्णा डब्याचं झाकण लावत थांबले होते, मी सही करेपर्यंत.